पंचविसावा कॉलम

काँक्रीटभोवतीचं फळ्यांचं सेंटरिंग काढलं तेव्हा पार्किंगमध्ये पंचवीस कॉलम उभे होते. ड्रॉइंगमध्ये चोवीस होते. ड्रॉइंग मी काढलं होतं आणि सेंटरिंग माझ्या बाबांनी लावलं होतं, त्यामुळे जादाचा कॉलम आमच्याच घरातला होता यात वाद नव्हता.

तो कुठेतरी कोपऱ्यात असता तर खपूनही गेला असता. कॉलम मोजत कोण फिरतं? पण हा दुसऱ्या एका कॉलमच्या शेजारी, मध्ये जेमतेम अर्धा फूट फट सोडून उभा होता. रांगेत घुसलेल्या माणसासारखा, आपण आधीपासून इथेच होतो असा चेहरा करून. दुपारपर्यंत फिटर लोकांनी दोघांना मिळून एक दोरी गुंडाळली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. इमारत लॉन्ड्रीची होती. तिथलं ते पहिलं अधिकृत काम म्हणायला हरकत नाही.

झालं होतं ते असं. खाली पाया म्हणजे सलग जाडजूड राफ्ट. तो ओतला तेव्हा प्रत्येक कॉलमच्या जागी सळ्या वर काढून ठेवल्या होत्या. मग लॉन्ड्रीच्या मालकांच्या लक्षात आलं की त्यांचा टेम्पो वळताना एका कॉलमला धडकणार. तो कॉलम पंचावन्न सेंटिमीटर सरकवायचं ठरलं. मी ड्रॉइंग बदललं. नवी जागा ठळक रेषेनं दाखवली, जुनी जागा तुटक रेषेनं. जुन्या जागेवरच्या सळ्या कापा, असं लिहायचं राहिलं. चार शब्द लिहायचे होते. मी त्या दिवशी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण फार सुंदर काढला होता, त्यातच वेळ गेला असावा.

आता बाबांनी हे मला विचारायला हवं होतं. पण साईटवर बाबा माझे बाबा नव्हते. तिथे मी ‘मॅडम’ होते आणि ते ‘मिस्त्री’. कल्पना त्यांचीच. “लोक म्हणतील, मिस्त्रीनं पोरीला चिकटवली,” असं म्हणून त्यांनी मला नोकरी लागली त्या दिवसापासून अनोळखी माणसाचं काम सुरू केलं, आणि ते इतकं मन लावून केलं की एकदा घरी जेवताना म्हणाले, “मॅडम, मीठ सरकवा.” मीठ आईनं सरकवलं. तिला वाटलं, अखेर या घरात कुणीतरी तिला मान देतंय.

आणि घरी विचारायचं तर आईचा नियम होता : ताटावर साईट नाही. बाबांनी किंवा मी सिमेंट, सळई, वाळू यातला एक शब्द जरी काढला तरी ती ताट उचलायची. बोलणाऱ्याचं.

रचून ठेवलेल्या फळ्यांच्या आड मी बाबांना गाठलं.

“बाबा, मला विचारायचं ना!”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “मिस्त्री म्हणा.”

“मिस्त्री, मला विचारायचं ना!”

“कुठे विचारू? इथे विचारलं तर साहेबांसमोर तुझं ड्रॉइंग चुकलं असं होणार. घरी विचारलं तर माझं जेवण जाणार.”

“मग?”

“मग काय, दोन्ही घातले. एक तरी बरोबर असणारच.”

त्यांनी फळीवरचा एक खिळा उपटला, सरळ केला, खिशात टाकला. “आणि जास्तीचा कॉलम घातला म्हणून स्लॅब पडलाय, असं चौतीस वर्षांत तरी मी ऐकलं नाही.”

पडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वहीचा होता.

आमचं ऑफिस छोटं. आम्हीच डिझाइन करतो, आम्हीच बांधतो, त्यामुळे चूक बाहेरच्यावर ढकलायची सोय नाही. साहेबांच्या टेबलावर एक लाल पुठ्ठ्याची चुकांची वही असते. एक चूक, एक ओळ, एक नाव. मिस्त्रीचं नाव वहीत चढलं की पुढच्या कामाला साहेब दुसरी टोळी बोलावतात. चौतीस वर्षांत बाबांचं नाव त्या वहीत एकदाही नव्हतं. आणि मला साहेबांनी नोकरी देताना सांगितलं होतं, सहा महिने वहीत नाव नको, मग नोकरी पक्की. सहा महिने व्हायला अकरा दिवस राहिले होते.

म्हणजे ओळ एक होती आणि तिच्यावर एक तर बाबा बसणार होते, नाही तर मी.

संध्याकाळी साहेब आले, सोबत लॉन्ड्रीचे मालक. मालक दिवसाला दोन हजार चादरी इस्त्री करून देतात आणि स्वतः कायम चुरगळलेल्या शर्टात असतात. दोघं त्या जोडीसमोर उभे राहिले. साहेबांनी एका कॉलमकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग माझ्याकडे. टॉवेल घाईनं काढले गेले.

साहेब काही बोलायच्या आत मालक म्हणाले, “अरे वा! म्हणजे टाकी बसणार तर!”

त्यांना बरोबर या जागी, वरच्या मजल्यावर, चाळीस हजार लिटरची पाण्याची टाकी हवी होती. आम्ही दोनदा नाही म्हणालो होतो. एका कॉलमच्या डोक्यावर तेवढं वजन झेपणार नव्हतं.

“आता दोन आहेत,” मालक म्हणाले. “दुप्पट ताकद. टेम्पोचं काय, मागेपुढे करून वळवू. मला सांगितलं नाहीत, सरप्राइज होतं का?”

साहेबांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्यांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, हे चांगलं आहे. टाकीसाठी मुद्दाम घातला असं लिहू. चूकच नाही म्हटल्यावर वही उघडायलाच नको. उद्या सकाळपर्यंत आकडेमोड करा, दुप्पट येतंय तेवढं दाखवा, सही करा.”

फळ्यांच्या आडून बाबांनी हे ऐकलं. ते त्या कॉलमकडे असे बघायला लागले जणू त्यांनी तो खरंच मुद्दाम घातला होता.

घरी येऊन मी कागद घेऊन बसले. आमचा स्लॅब बीम नसलेला, म्हणजे कॉलमांच्या डोक्यावर ठेवलेली नुसती सपाट लादी. वजन फार झालं तर ती वाकून, कुरकुर करून सांगत बसत नाही. कॉलम तिला सरळ भोसकून वर येतो, ताणलेल्या कागदातून पेन्सिल यावी तसा. म्हणून कॉलमभोवती थोडी जागा सोडून मनातल्या मनात एक चौकोन आखायचा. त्या चौकोनाच्या रेषेवर जेवढं काँक्रीट, तेवढीच स्लॅबची धरून ठेवायची ताकद. आमच्या एका कॉलमची रेषा दोनशे चाळीस सेंटिमीटर. दोन कॉलमांची चारशे ऐंशी. टाकीला लागत होती चारशे बारा. छान.

फक्त अर्ध्या फुटाच्या त्या फटीत दोघांचे चौकोन एकमेकांवर चढत होते. मधलं काँक्रीट एकच, आणि दोघंही ते आपलं म्हणून दाखवत होते. असे जवळ उभे असलेले कॉलम वजन आलं की एकेकटे भोसकत नाहीत. दोघं मिळून एकच रुंद कॉलम असल्यासारखे वर येतात. मग रेषाही दोघांभोवती मिळून एकच. ती आली साडेतीनशे.

पुन्हा केलं. साडेतीनशे. तिसऱ्यांदा तीनशे एकोणपन्नास आलं, पण ती माझी बेरीज चुकली होती.

जेवायला बसलो. बाबा खुशीत होते. भात दुसऱ्यांदा घेतला. मी घास नुसता फिरवत होते.

“काय गं?” आई म्हणाली.

“काही नाही. ताटावर बोलायचं नाही ना.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या ताटाकडे पाहिलं, आणि स्वतःचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “बोल. आज कुणाचं उचलत नाही.”

मी सांगितलं. बाबा ऐकत गेले आणि त्यांचा हात भातातच राहिला.

“पण दोन म्हणजे दोन,” ते म्हणाले. “मी स्वतः ओतलेत. दोन्ही ओळंब्यात आहेत.”

“बाबा, कॉलम उत्तम आहेत. त्यांच्या मधलं काँक्रीट आपण दोनदा मोजतोय.”

“ते कसं काय?”

मी चौकोनांबद्दल बोलायला लागले. त्यांना ते पटेना. डोळ्यांना न दिसणाऱ्या चौकोनाला फळी कशी लावणार, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा आई म्हणाली, “अहो, काज.”

आई शिवणकाम करते. शेजारच्या तीन गल्ल्यांतले शर्ट तिच्या हातून जातात.

“पातळ कापडावर दोन काजं लांब लांब घेतली तर प्रत्येकाला आपलं आपलं कापड असतं. ओढलं तरी टिकतात. जवळ जवळ घेतली की मधल्या पट्टीवर दोघांचा ताण. मग एक फाटत नाही, दोन्ही मिळून एक मोठं भोक पडतं. शिकाऊ मुली हमखास करतात. म्हणतात, दोन बटणं लावली, दुप्पट पक्कं.”

बाबांनी स्वतःच्या शर्टाची दोन बटणं ओढून पाहिली. मग म्हणाले, “किती फाटेल?”

“वीस हजारांच्या टाकीला फाटणार नाही. चाळीसला भरवसा नाही.”

“मग मुद्दाम घातला असं लिहिता येणार नाही.”

“नाही.”

“मग वही.”

“हो.”

त्यांनी उरलेला भात संपवला, कारण ते ताटात काही टाकत नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, “मी बघतो.” लहानपणी माझी सायकल पंक्चर झाली, दाढ दुखली, गणितात नापास झाले, प्रत्येक वेळी ते “मी बघतो” म्हणाले होते. गणिताचं काय बघितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण ते दोन दिवस शाळेबाहेर उभे होते.

सकाळी पत्र्याच्या साईट ऑफिसात चौघं जमलो. साहेब, मालक, मी, आणि दारात बाबा. बसा म्हटलं तरी ते बसेनात.

“टाकी?” साहेब म्हणाले.

“वीस हजारांची बसेल. चाळीसची नाही.”

“दोन कॉलम आहेत की!” मालक म्हणाले.

“दीड आहेत. खरं तर दीडला थोडे कमी.”

मालकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. “मला तर दोन दिसतायत.”

मी सगळ्यांना पार्किंगमध्ये नेलं आणि खडूनं जमिनीवर दोन्ही कॉलमांभोवती चौकोन आखले. फटीत दोन्ही रेषा एकमेकींच्या हद्दीत शिरल्या. तेवढा भाग रेघोट्या मारून दाखवला. मालक उकिडवे बसून बघत राहिले.

“आमच्याकडे चादरी येतात अशा. दोन भोकं शेजारी शेजारी. धुतली की एकच होतं,” ते म्हणाले. “कळलं. वीस तर वीस.”

साहेबांनी चटकन धागा पकडला. “मग वीस हजारांसाठी मुद्दाम घातला असं—”

“छे,” मालक म्हणाले. “हे सगळं ज्याला माहीत आहे तो मुद्दाम इतका जवळ घालेल का? आणखी लांब घालून पूर्ण दुप्पट घेईल. मी लॉन्ड्रीवाला, तरी मला दोन मिनिटांत कळलं. मी नाही असल्या कागदावर सही करणार.”

मी इतकं छान समजावलं होतं की आता सुटकेची एकही वाट उरली नव्हती. मालक टाकीचं माप घ्यायला वर गेले. आम्ही तिघं परत ऑफिसात आलो. साहेबांनी सोबत आणलेली लाल वही उघडली.

“चूक कुणाची?”

“माझी,” मी आणि बाबा म्हणालो.

“एकेकानं बोला.”

“साहेब,” बाबा पुढे झाले, “मॅडमचा काही संबंध नाही. जुन्या सळ्या कापायला हव्यात हे मला कळायला पाहिजे होतं. चौतीस वर्षं हेच करतोय.”

“ड्रॉइंगवर तसं लिहायचं मी विसरले,” मी म्हणाले.

“लिहिलं नसलं म्हणून काय झालं? मिस्त्रीला डोळे असतात.”

“डोळ्यांवर भागत असतं तर ड्रॉइंग कशाला काढतात?”

“तुम्ही मध्ये बोलू नका, मॅडम.”

“तुम्ही माझी चूक पळवू नका, मिस्त्री.”

“अगं ठमे, गप बस ना जरा!”

ठमी हे माझं घरचं नाव. ते पत्र्याच्या चार भिंतींवर आपटून परत आलं. बाहेर मिक्सरही नेमका तेव्हाच थांबला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

साहेब शांतपणे म्हणाले, “आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कसं?” बाबांनी एक डोळा उघडला.

“दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी. आणि मॅडमनी फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे तुमचं नाव लिहिलंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही दोघं इतक्या कष्टानं लपवत होतात. जिवावर आलं.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “आता ऐका. एकजण म्हणतो सगळी चूक माझी, दुसरी म्हणते सगळी माझी. मला दोनशे टक्के चूक नकोय. एक कॉलम जास्त झालाय, तेवढीच चूक आहे. एक नाव सांगा.”

मी पेन घेतलं. बाबांनी माझं मनगट धरलं. चौतीस वर्षं फळ्या उचललेला हात आहे तो, त्यातून मनगट सोडवता येत नाही.

“बाबा,” मी म्हणाले. सहा महिन्यांत साहेबांसमोर पहिल्यांदा. “तुम्ही माझ्यासाठी ही चूक न विचारता बांधलीत. इतकी जपलीत. पण काढली मीच आहे. पहिलीच आहे माझी, ती तरी माझ्या नावावर राहू दे.”

त्यांनी हात सोडला नाही, पण सैल केला. तेवढ्यात मी लिहिलं.

साहेबांनी वही ओढून घेतली. ओळ वाचली, मग माझ्या नावाखाली, जिथे दुसरं नाव लिहायची पद्धतच नव्हती तिथे, स्वतःचं लिहिलं. “ड्रॉइंग तपासून सही मी केली होती,” ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. “तो उत्तरेचा बाण फार छान होता. तोच बघत बसलो.”

“म्हणजे पोरीची नोकरी गेली?” बाबांनी विचारलं.

“गेली नाही. आणखी तीन महिने कच्ची राहील.”

“साहेब, काँक्रीटसुद्धा अठ्ठावीस दिवसांत पक्कं होतं.”

“काँक्रीट वाद घालत नाही, मिस्त्री.”

त्यानंतर चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. घरीही नाही, साईटवरही नाही. राग नव्हता तो. मला वाटतं, ‘मी बघतो’ म्हणून बघता न आल्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि पुढे काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी वरच्या मजल्याच्या कामावर, वीस माणसांसमोर, साहेबांसमोर, त्यांनी माझं ड्रॉइंग उंच धरलं आणि ओरडले, “ही तुटक रेषा कशाची?”

“जुन्या भिंतीची! बांधायची नाही!”

“मग काढली कशाला?”

“चुकलंच! खोडते!”

त्या दिवशी त्यांनी अकरा प्रश्न विचारले. त्यांतल्या चारांची उत्तरं मला देता आली नाहीत. दोनांची साहेबांनाही नाही.

महिन्याभरानं वीस हजार लिटरची टाकी आली. पहिल्यांदा भरताना स्लॅब किती खाली वाकतो ते मोजायचं होतं. त्या जोडीपासून थोडं पुढे, जिथे स्लॅब सगळ्यात जास्त वाकणार होता तिथे, मी डायल लावला. केसाएवढी हालचालही काट्यावर दिसते. वरून मालकांनी नळ सोडला. भरायला तीन तास लागणार होते.

बाबा पालथ्या घमेल्यावर येऊन बसले, बरोबर त्या जोडीच्या डोक्यावरच्या स्लॅबखाली.

“तुम्ही बाहेर थांबा,” मी म्हणाले.

“का? पडणार आहे?”

“नाही.”

“मग बसू दे.”

“नियम आहे. वाचणारा एकच माणूस खाली.”

“मग तू बाहेर जा. मी वाचतो.”

“तुम्हाला डायल वाचता येतो?”

“शिकव.”

मी दुसरं घमेलं पालथं घातलं. मोठी रेघ म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. वर पाणी पडत होतं, त्याचा आवाज स्लॅबमधून एखाद्या मोठ्या पोटातल्यासारखा येत होता. दर दहा मिनिटांनी ते आकडा वाचायचे, मी लिहायचे. एकदा म्हणाले, “तू गणितात नापास झालीस तेव्हा मी मास्तरांना भेटायला गेलो होतो. दोन दिवस दारात उभा राहिलो, आत गेलो नाही. काय विचारायचं तेच कळेना.”

“मला वाटलं तुम्ही भांडायला गेला होतात.”

“छे. भांडायला येत असतं तर आत गेलो असतो.”

टाकी भरली. नळ बंद झाला. बाबांनी काट्याजवळ नाक नेलं. “बासष्ट. आणि इथेच थांबलाय.”

“माझ्या हिशोबानं सत्तर यायला हवा होता.”

“चुकला?” ते दचकले. “पुन्हा कर!”

“चुकला नाही. हिशोबात काम साधारण झालंय असं धरतात.”

बाबांनी हे ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. चष्मा काढून शर्टानं पुसला, आणि तो पुरेसा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

“मालकांना सांग, आणखी अर्धा तास नळाला हात लावू नका,” ते म्हणाले. “आपण दोघं बसतो अजून.”